राखाडी बटण

उमरग्याच्या एसटी स्टँडजवळ २०११ च्या सुमारास एक नेट कॅफे होता. सहा मशिनं, सगळ्यांत मिळून बीएसएनएलची एक ब्रॉडबँड लाइन, तासाला वीस रुपये. मी तेव्हा नववीत होतो आणि समोर दिसेल ते बटण दाबून बघायची खोड होती. इंटरनेट एक्स्प्लोररच्या ऑप्शन्समध्ये शिरलो, तर ‘लॅन सेटिंग्ज’ हे बटण राखाडी. दाबलं, दाबतच राहिलो. मागून कॅफेवाले काका म्हणाले, “तिथं बोट घालू नको बाळा. सहाच्या सहा बंद पडतेत.”

ते खरं नव्हतं. बंद पडलं असतं ते माझं एकट्याचं मशिन. पण हे कळायला मला इंजिनिअरिंगची डिग्री आणि एक नोकरी लागली. त्या नोकरीत माझं एक काम काय, तर लोकांच्या ब्राउझरमधलं हेच बटण राखाडी करणं.

त्या बटणामागे काय असतं ते आधी सांगतो, कारण तुमच्यातल्या अनेकांनी ते बघितलंही नसेल. फोनमध्ये ते वायफायच्या सेटिंगमध्ये खोल पुरलेलं असतं. तिथे प्रॉक्सीचा पत्ता लिहायचा असतो. प्रॉक्सी म्हणजे मधला माणूस. तुमचा ब्राउझर साइटकडे थेट जात नाही, प्रॉक्सीला सांगतो, एवढं आणून दे. काकांच्या काउंटरवरचं मशिन हा मधला माणूस होता. लाइन त्याच्याकडे, बाकीच्या सहांनी त्याच्याकडून मागायचं.

१९९४ साली जिनिव्हात वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी वेब प्रॉक्सीवर निबंध मांडला. त्यात कुणाला काय बघू द्यायचं नाही, हा मुख्य मुद्दा नव्हता. फायरवॉलच्या आत अडकलेल्या लोकांना वेब बघता यावं, हा एक हेतू. आणि एकाने मागवलेलं पान साठवून ठेवलं की दुसऱ्याला ते पुन्हा समुद्रापलीकडून आणावं लागत नाही, हा दुसरा. गावातल्या टाकीसारखं. आमच्या भागात टँकर आला की आधी टाकी भरायची, मग घागरी, तेच.

आपल्याकडे हा दुसरा हेतू किती मोलाचा होता ते आकड्यांवरून कळेल. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा चित्रं दिसणाऱ्या खात्याला वर्षाला १५ हजार रुपये पडायचे आणि त्यात मिळायचे २५० तास. वेग ९.६ किलोबिट. तासाला ६० रुपये मोजून तेच चित्र दुसऱ्यांदा उतरवून घेणं ही चैन होती.

अडचण निघाली ती भलतीकडेच. प्रॉक्सीचा पत्ता प्रत्येक मशिनवर कुणीतरी हाताने टाईप करायचा. पाच मशिनं असली तर ठीक, पाच हजार असली तर? लुओटोनेन तोवर नेटस्केपमध्ये गेला होता. १९९६ च्या नेव्हिगेटर २.० मध्ये यावर उत्तर आलं: जावास्क्रिप्टमधला एक छोटा प्रोग्राम मध्यवर्ती ठिकाणी ठेवायचा, प्रत्येक ब्राउझर तो उचलणार आणि कुठल्या साइटसाठी कुठला रस्ता ते त्यातून ठरवणार. जावास्क्रिप्टही त्याच आवृत्तीत जन्मलं होतं.

पण माणसं सेटिंग बदलायचीच. चुकून, कंटाळून, मित्राने सांगितलं म्हणून. मग नेटस्केपने कंपन्यांसाठी कुलूप काढलं. एका फाईलमध्ये ‘लॉकप्रेफ’ अशी आज्ञा लिहायची, की ते सेटिंग राखाडी. ती फाईल सहज वाचता येऊ नये म्हणून तिच्यातला प्रत्येक बाइट काही घरं पुढे सरकवून ठेवायचा. हे काही गुपित नव्हे, शाळेतल्या चिठ्ठ्यांची सांकेतिक लिपी. ती सरकवण्याची रीत वारशाने फायरफॉक्सपर्यंत आली. त्या फाईलची पहिली ओळ फायरफॉक्स वाचतच नाही, हेही वारशानेच. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी नेमकी पहिल्याच ओळीत आज्ञा लिहून दोन तास डोकं आपटलं होतं.

मायक्रोसॉफ्टचं कुलूप वेगळं. २००० सालच्या विंडोजबरोबर ‘ग्रुप पॉलिसी’ आली आणि एका जागेवरून अख्ख्या ऑफिसचं बटण राखाडी करता येऊ लागलं. कुठल्याही नेटस्केपवाल्याला किंवा मायक्रोसॉफ्टवाल्याला विचारलं असतं तर त्याने एकच कारण दिलं असतं: मदत मागणारे फोन कमी होतात. कुलूप होतं ते सपोर्टचा खर्च वाचवायला.

त्याला दुसरा अर्थ आमच्या राज्यातही लवकरच चिकटला. २००१ मध्ये इंटरनेटवरच्या अश्लील साइट्सबद्दल आलेल्या तक्रारीची मुंबई उच्च न्यायालयाने दखल घेतली आणि समिती नेमली. सायबर कॅफेत ओळखपत्र बघावं, अल्पवयीन मुलांना उघड्यावरच्या मशिनवरच बसवावं, अशा शिफारशी आल्या. पुढे ११ एप्रिल २०११ ला केंद्राने सायबर कॅफेचे नियम काढले. केबिनची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको. कुणी कुठल्या साइट बघितल्या त्याची आणि प्रॉक्सीची नोंद वर्षभर सांभाळायची. म्हणजे मी ते बटण दाबत होतो त्याच वर्षी काकांच्या काउंटरवरची टाकी कायद्याने वही झाली होती. काकांनी ती वही ठेवली असेल असं मला वाटत नाही, पण सेटिंग उघडं असतं तर प्रॉक्सीची नोंद ठेवण्याला अर्थच उरला नसता. कुलूप आता पाण्यासाठी नव्हतं, पाणी कोण नेतं ते लिहिण्यासाठी होतं.

कॉलेजांत तर उघड लढाई होती. पवईच्या आयआयटीने २००७ मध्ये वसतिगृहांतलं इंटरनेट रात्री अकरा ते दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद केलं. मुलांनी झोपावं, वर्गात यावं, एकमेकांशी बोलावं म्हणून. मी पुण्यात शिकलो तिथे एवढी स्पष्टता नव्हती, नुसतं राखाडी बटण होतं. क्रोम विंडोजचंच प्रॉक्सी सेटिंग वापरतो, म्हणून तोही बंद. फायरफॉक्सचं स्वतःचं वेगळं असतं. त्यामुळे आमच्या वर्गात पेनड्राइव्हवर पोर्टेबल फायरफॉक्स फिरायचा आणि त्याच्या शेजारी अल्ट्रासर्फ. चीनमधली सेन्सॉरशिप ओलांडायला बनवलेलं ते सॉफ्टवेअर आम्ही क्रिकेटचा स्कोअर बघायला वापरलं. ज्यांनी ते जिवावर उदार होऊन वापरलं असेल त्यांची मला आज थोडी लाज वाटते.

तरी त्या बटणाची एक गोष्ट मला आता आवडते. ते राखाडी होतं, म्हणजे दिसत होतं. इथे कुणीतरी कुलूप लावलंय, एवढं तरी समजायचं. २००३ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने याहूवरचा एकच ग्रुप बंद करायला सांगितला. इंटरनेट कंपन्यांनी अख्खे याहू ग्रुप्सच बंद केले. घरी बसलेल्या माणसाला एवढंच दिसलं, की पान उघडत नाही. ते कुलूप त्याच्या मशिनमध्ये नव्हतं, पाइपात होतं. आज तुमच्या फोनवर एखादी साइट उघडत नाही तेव्हा रेंज गेली, साइट मेली की कुणी अडवली, हे सांगणारं बटणच नाही.

मे २०१८ मध्ये फायरफॉक्स ६० आला आणि कुलूप लावणं अगदीच सोपं झालं. एक फाईल, तिच्यात प्रॉक्सीचा पत्ता, खाली ‘लॉक्ड’ आणि त्यापुढे ‘ट्रू’. अशी फाईल मी एका संस्थेच्या सगळ्या शाखांसाठी लिहिली. यादीत उमरगा होतं, याचा तेव्हा नुसता आनंद झाला.

जुलैच्या अखेरीस मुख्य कार्यालयाने प्रॉक्सीचा सर्व्हर बदलला. बाकीच्या मशिनांना नवा पत्ता आपोआप गेला. उमरग्याचं मशिन डोमेनमध्ये नव्हतं, तिथे फाईल हाताने टाकलेली होती. सकाळी फोन आला. पलीकडे एक मॅडम होत्या. “सर, जुना पत्ता दिसतोय, नवा आमाला माहीत हाय, पण ते बटनच दबंना झालंय.” बाहेर पीकविम्याचे अर्ज भरायला माणसं बसली होती, मुदत संपायला दोन दिवस. मी म्हटलं, रिमोटने बघतो. रिमोटचं सॉफ्टवेअरही त्याच प्रॉक्सीतून जायचं. फाईल बदलायला ॲडमिनचा पासवर्ड हवा, आणि तो फोनवर द्यायचा नाही हा नियम. तोही मीच लिहिलेला.

सोलापूरहून माणूस पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मॅडमनी दिवसभरात तीनदा फोन केला, एकदाही आवाज चढवला नाही. तिसऱ्यांदा म्हणाल्या, “लोकं उद्या या म्हणलं की जातेत सर, पण त्येंची मजुरी जाती.” त्या रांगेत माझ्या ओळखीचं कुणी असेलही. मी विचारलं नाही.

नंतरच्या बैठकीत मी म्हटलं, जिथे मशिन डोमेनमध्ये नाही तिथे कुलूप काढू. सुरक्षेवाल्यांनी नकार दिला आणि त्यांची कारणं चुकीची नव्हती. शेवटी एवढंच मंजूर झालं: फायरफॉक्सच्या मदत मेनूत एक ओळ वाढवायची, ‘इंटरनेट चालत नसेल तर’. त्यावर क्लिक केलं की संस्थेच्या आतलं एक पान उघडतं. ते पान प्रॉक्सीतून जात नाही, त्यामुळे प्रॉक्सी मेली तरी दिसतं. कुलूप कुणी लावलंय, का लावलंय आणि किल्ली असलेल्या माणसाचा नंबर, असं मराठीत लिहिलंय. नंबर माझा आहे. बटण अजून राखाडीच आहे.