वीगन आहार

प्राणिजन्य पदार्थ पूर्णपणे वर्ज्य करणारा आहार. मांस, मासे, अंडी तर नाहीतच; दूध, तूप आणि मधही नाही. १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व सहकाऱ्यांनी वीगन सोसायटी स्थापन केली आणि हा शब्द रूढ झाला.

शाकाहारी माणसाला दुधावरचा आक्षेप पटकन पटत नाही. त्याने गोठ्यात जावे. म्हशीला पान्हा फुटावा म्हणून पारडू क्षणभर कासेला लावतात, धार सुरू होताच ओढून खुंट्याला बांधतात. नर पारडाचा तर बहुतेकांना उपयोगच नसतो. ते अर्धपोटीच राहते. नैतिक प्रश्नाचे मूळ इथे आहे.

पर्यावरणाचा हिशेबही बोलका आहे. पूर आणि नेमेसेक या संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, जगाने प्राणिजन्य अन्न सोडल्यास शेतीला लागणारी जमीन सुमारे ७६ टक्क्यांनी घटेल.

कडधान्ये, भाज्या व फळांवर भर असेल तर तंतू भरपूर मिळतात, कोलेस्टेरॉल उतरते. भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी हे जेवण मुळातच वीगन आहे. मात्र ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. त्यासाठी गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ नियमित घ्यावेच लागतात.