आनाता, अहो आणि पुस्तकातली जपानी

जपानी शिकायला लागून तीनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, मूळच्या क्यूशू बेटावरच्या आणि वयाने माझ्या आईएवढ्या. एकदा तास संपल्यावर चहा पिताना मी मोठ्या ऐटीत विचारलं, "आनाता वा कोही गा सुकी देस का?" तुम्हाला कॉफी आवडते का? व्याकरणात काना-मात्रेची चूक नव्हती. बाई क्षणभर थांबल्या, हसल्या, "आवडते" म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला सेन्सेईच म्हण. आनाता नको."

आता गंमत बघा. 'आनाता' म्हणजे 'तुम्ही' हे आम्ही पहिल्याच धड्यात शिकलो होतो. मग चुकलं कुठे?

या शब्दाचा मूळ अर्थ 'त्या पलीकडे'. समोरच्याकडे थेट बोट न दाखवता नुसती दिशा दाखवायची, म्हणून एके काळी तो चांगला आदराचा शब्द होता. वापरून वापरून झिजला. आज वयाने किंवा मानाने मोठ्या माणसाला 'आनाता' म्हटलं तर उद्धटपणा वाटतो. जाहिरातीत किंवा छापील प्रश्नावलीत, जिथे समोर कोण आहे ते माहीतच नसतं, तिथे तो चालतो. आणि अजून एका ठिकाणी चालतो. बायको नवऱ्याला 'आनाता' अशी हाक मारते. म्हणजे थेट आपलं 'अहो'! हे कळल्यावर मला दोन दिवस बाईंकडे बघायची लाज वाटत होती.

पण मग हा शब्द पुस्तकात 'तुम्ही' म्हणून आला कुठून? ते शोधता शोधता मी दीडशे वर्षं मागे गेलो.

१८६८ साली मेइजी राजवट सुरू झाली तेव्हा 'बोलीभाषेतली जपानी' अशी सगळ्या देशाची एक गोष्ट नव्हतीच. प्रत्येक सरंजामी मुलखाची बोली वेगळी. उत्तरेकडचा माणूस आणि दक्षिणेकडचा माणूस समोरासमोर आले तर एकमेकांचं बोलणं समजायची मारामार. लिहिण्याची भाषा तर तिसरीच, जुन्या वळणाची, कोणीही तशी बोलत नसे. रेल्वे आली, सैन्यभरती आली, शाळा आल्या. आजवर ज्यांची कधी गाठ पडली नसती अशी माणसं एका बाकावर येऊन बसली. त्यांनी बोलायचं कसं?

पहिलं उत्तर एका गोष्टी सांगणाऱ्याकडून आलं. सान्युतेई एन्चो हे राकुगोचे नावाजलेले कलाकार. राकुगो म्हणजे मंचावर गुडघे दुमडून बसून एकट्याने सगळी पात्रं रंगवायची. त्यांची 'बोतान दोरो' ही भुताची गोष्ट लघुलेखनाने जशीच्या तशी उतरवून घेतली गेली आणि १८८४ साली छापली. बोललेलं जसंच्या तसं कागदावर वाचता येतं, हे लोकांना नवीन होतं.

पुढे फुताबातेई शिमेई या तरुण लेखकाला कादंबरी लिहायची होती, पण भाषा सापडेना. तो त्सुबोउची शोयोंकडे गेला. ते म्हणाले, एन्चोंच्या राकुगोसारखं लिहून बघ. त्याने तसं केलं. मग पुढची अडचण आली. वाक्याचा शेवट कसा करायचा? आदराने की साधा? वाचक माझा कोण लागतो? शेवटी त्याने साधा 'दा' धरला, तर त्याच सुमारास यामादा बिम्यो या लेखकाने आदराचा 'देस' धरला. शिमेईची ती कादंबरी, 'उकिगुमो', १८८७ पासून प्रसिद्ध होऊ लागली. वाक्याच्या शेपटीवरून पडलेला हा पेच आजही मधल्या टप्प्यावरच्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर असतो.

दुसरं उत्तर सरकारकडून आलं. उएदा काझुतोशी हे भाषातज्ज्ञ जर्मनीत शिकून १८९४ मध्ये परतले. देश एक तर भाषा एक, हा त्यांचा आग्रह. १९०४ पासून शाळांमध्ये सरकारी वाचनमाला आली आणि तिच्यातली भाषा घेतली तोक्योच्या मध्यमवर्गाची. बाकीच्या सगळ्या बोली एका फटक्यात 'अशुद्ध' झाल्या.

याची किंमत कोणी मोजली ते ओकिनावात दिसतं. तिथे शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत, 'होगेन फुदा', म्हणजे बोलीची पाटी. ती काढायची तर तशीच 'चूक' करणारा दुसरा मुलगा शोधून त्याच्या गळ्यात घालायची. दुसऱ्या महायुद्धानंतरही हा प्रकार काही काळ चालू होता. २००९ मध्ये युनेस्कोने धोक्यातल्या भाषांचा नकाशा काढला, त्यात त्या बेटांवरच्या सहा भाषा आहेत.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. ती मालवणी बोलायची. पुण्यात आल्यावर पाहुणे आले की गप्प बसायची. तिच्या गळ्यात कोणी पाटी घातली नव्हती, पण आम्ही नातवंडं हसायचो. घरच्या मंडळींना हे आठवत असेल.

असो. तिसरं उत्तर युद्धानंतरचं. १५ ऑगस्ट १९४५ ला सम्राटांनी रेडिओवरून शरणागती जाहीर केली ती इतक्या जुन्या, दरबारी भाषेत की अनेकांना नक्की काय झालं ते नंतर समजावून सांगावं लागलं. पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना आली, ती मात्र बोलीभाषेच्या वळणाची. आणि १९५२ मध्ये राष्ट्रभाषा परिषदेने 'यापुढची आदरार्थी भाषा' अशी शिफारस काढली. आजवरचा आदर उच्च-नीचतेवर उभा होता, यापुढे तो एकमेकांच्या मानावर उभा असावा, असं तिचं म्हणणं. त्यासाठी बोलणं 'देस' आणि 'मास'चं असावं. 'ओइशिई देस' (चवदार आहे) यासारखी रचना त्याआधी वादग्रस्त होती, ती आता मान्य. आणि समोरच्यासाठी प्रमाण शब्द कोणता? 'आनाता'!

सापडला की नाही चोर? सगळ्यांना सारखा लागू पडेल असा एक 'तुम्ही' परिषदेला हवा होता. हेतू किती चांगला! पुस्तकांनी तो घेतला, माणसांनी नाही. त्यांनी 'सेन्सेई', 'ताई', 'दुकानदार' असं नात्याने आणि कामाने बोलावणं चालूच ठेवलं. आपण तरी रिक्षावाल्याला 'काका' आणि भाजीवालीला 'मावशी' म्हणतोच की.

मला वाटतं, आपण पहिली दोन-तीन वर्षं जी जपानी शिकतो ती अनोळखी माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून घडवलेली भाषा आहे. म्हणून ती परक्याला लवकर येते. मधल्या टप्प्यावर गाडी अडते, कारण आता अनोळखीपणा संपलेला असतो. तिथून पुढे प्रत्येक वाक्यात आतला कोण, बाहेरचा कोण हे ठरवावं लागतं. आपण परक्यासमोरही "वडील आले आहेत" असं आदराने म्हणतो. जपानी माणूस बाहेरच्यासमोर आपल्या वडिलांना, अगदी आपल्या साहेबांनाही, खालच्या पायरीवर ठेवतो. परीक्षेत हे फारसं येत नाही. १९८४ पासून चालू असलेल्या जेएलपीटीमध्ये संभाषणाची परीक्षाच नाही.

बाईंनी एक दिवस माझ्याशी बोलताना 'देस' सोडून दिला. "सोओ देस ने" ऐवजी नुसतं "सोओ दा ने". मी पुढचे कित्येक महिने कडक 'देस-मास'मध्येच उत्तरं देत राहिलो. मला वाटायचं, मी आदर दाखवतोय. नंतर कळलं की त्यांनी दार थोडं उघडलं होतं आणि मी उंबऱ्याबाहेर हात जोडून उभा होतो.

आता त्या क्यूशूला परत गेल्या आहेत. गेल्या महिन्यात फोनवर बोलता बोलता माझ्या तोंडून एक वाक्य 'देस'शिवाय निसटलं. मी घाबरून थांबलो. पलीकडून बाई हसल्या आणि त्यांच्या गावच्या बोलीत भराभर काहीतरी बोलल्या.

मला त्यातलं निम्मंच समजलं.