सांजेची जपमाळ आणि घरातील मुले

धर्मग्रामात घरभेटीला गेलो की तरुण माता हमखास एक अडचण सांगतात : "फादर, जपमाळेला बसलो की मुले चुळबुळ करतात. त्यांना दटावण्यातच अर्धी प्रार्थना संपते." पूर्वी मीही "मुलांना शिस्त लावा" असे सांगून मोकळा होत असे. जपमाळेचा इतिहास मात्र काही निराळेच सुचवितो.

मध्ययुगात मठवासी बायबलमधील 150 स्तोत्रांचे पठण करीत. ज्यांना लॅटिन वाचता येत नसे, असे साधे भाविक स्तोत्रांऐवजी मण्यांवर तितक्याच प्रार्थना मोजीत. त्यातूनच 150 'नमो मरियां'ची प्रथा रुजली. 1569 मध्ये पोप पायस पाचवे यांनी या भक्तीला अधिकृत मान्यता दिली. पंधरा रहस्यांपैकी पाच रहस्ये म्हणजे एक तृतीयांश जपमाळ. त्या तिसऱ्या हिश्शाला पोर्तुगीज भाषेत 'तेर्सु' म्हणतात. गोव्यातील घरोघरचा 'तेर्स' हा शब्द त्यावरूनच आला. अशा रीतीने जी प्रार्थना निरक्षरांसाठी वाढली, तीच प्रपंचात रमलेल्यांसाठी आटोपशीर झाली. माणसाला झेपेल असे रूप घेणे, हा तिचा स्वभावच आहे.

पोप लिओ तेरावे यांनी 1883 साली ऑक्टोबर महिना जपमाळेला वाहिला. पुढे 1951 च्या आपल्या परिपत्रकात पोप पायस बारावे यांनी, दिवसभराची कामे उरकून सायंकाळी पवित्र मरियेच्या प्रतिमेसमोर एकत्र जमलेल्या मातापित्यांचे व मुलांचे हृद्य चित्र रेखाटले.

2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये जोडली, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याच पत्रात त्यांनी आपल्या मातांच्या अडचणीचाही विचार केला आहे. ही प्रार्थना आजच्या मुलांना रुचणार नाही, असा आक्षेप कोणी घेतला, तर दोष कदाचित आपल्या नीरस पद्धतीचा असेल, असे ते सुचवितात. मुलांसाठी प्रार्थना करावीच. पण त्याहीपेक्षा मुलांसोबत करावी, आणि दररोजचा हा विसावा त्यांना बालपणापासून लाभावा, असा त्यांचा आग्रह आहे. रहस्य उच्चारल्यावर त्याचे चित्र समोर ठेवावे, क्षणभर मौन पाळावे, असेही ते सांगतात.

तेव्हा मातांनो आणि पित्यांनो, लहानग्यांसोबत एकच रहस्य घ्या. दूरदर्शन संच बंद करा, मोबाईल दूर ठेवा. बाळाला मांडीवर घेऊन गव्हाणीचे चित्र दाखवा आणि मिनिटभर काही न बोलता त्याच्यासह ते पाहत राहा. मुले झोपल्यावर उरलेली रहस्ये तुम्ही दोघे म्हणू शकता.

मार्कच्या शुभवर्तमानात बालकांना घेऊन आलेल्यांना शिष्यांनी दटावले होते. प्रभू येशू रागावले ते त्या शिष्यांवर. बालकांना मात्र त्यांनी कवेत घेतले. आज संध्याकाळी आपण कोणाच्या बाजूला बसणार आहोत?