झोपडीला 'पट्टी' लागली त्याची गोष्ट

मराठीत गरिबाच्या घराला शब्दांची कमी नाही. खोप, खोपट, छप्पर, कुडाचं घर, भटक्यांचं पाल... त्यात झोपडीला तर चक्क मान आहे. तुकडोजी महाराजांनी तिच्यावर भजन रचलं, आणि पानांची असली तर ती थेट रामाची पर्णकुटी!

मुंबईत तिला 'पट्टी' लागली आणि सगळं बिघडलं. झोपडी कुणाची तरी असते. झोपडपट्टी फक्त कुठेतरी असते. रुळांलगत, नाल्याकाठी, विमानतळाच्या भिंतीला टेकून. आज तिथली कितीतरी घरं विटा-सिमेंटची, दुमजली आहेत. तरी शब्द तोच.

मला खरा रस आहे तो पुढच्या भागात. १९७१ साली राज्याने झोपडपट्टी कायदा केला आणि ही शिवी सरकारी दर्जा झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर 'फ्लॅग'. वस्ती 'घोषित' झाली की तिथल्या माणसाला बाहेर काढायला कोर्टात जाण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते (कलम २२). १९७६ मध्ये मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली, लोकांना फोटोपास मिळाले. १९९५ मध्ये एसआरए आली: १ जानेवारी १९९५ च्या आधीपासून राहत असाल, तर २२५ चौरस फुटांचं घर फुकट. (पुढे तारीख सरकली, घर ३०० फुटांचं झालं. असो.) म्हणून तर लोक जुनं लाईटबिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दागिन्यासारखं जपतात. आणि शेजारची वस्ती रेल्वेच्या जमिनीवर असेल, तर तसाच पत्रा, तसाच नळ, पण बहुतेकदा यातलं काहीच नाही.

आता उलटी बाजू बघा. कोळीवाडे वर्षानुवर्षं सांगतायत, आम्हाला झोपडपट्टी ठरवू नका! गल्ल्या अरुंद, घरं दाटीची, त्यामुळे बाहेरच्याला फरक दिसत नाही. पण कोळी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. फ्लॅग लागला की तोच माणूस एका कागदाने 'झोपडीधारक' होतो, आणि वडिलोपार्जित घराच्या जागी मोजून मापून खोली घ्यायची वेळ येते. १९०९ च्या मुंबई गॅझेटियरमध्ये धारावीची नोंद मोठ्या कोळीवाड्यांपैकी एक अशी आहे. तो कोळीवाडा अजून आहे. तिथल्या एखाद्या आजीला "तुम्ही झोपडपट्टीत राहता का हो?" असं विचारून बघा. उत्तर मिळेल, पण मला ते इथे छापता येणार नाही.