कालव्यावरचा मोर्चा आणि कालव्यावरची माणसे

मी इतिहास शिकवतो. दरवर्षी औद्योगिक क्रांतीचे प्रकरण आले की फळ्यावर लिहितो : ब्रिजवॉटर कालवा, १७६१, अभियंता जेम्स ब्रिंडली. मुले लिहून घेतात. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, तो कालवा खोदला कोणी?" पुस्तकात उत्तर नव्हते. खरे तर उत्तर माझ्या घरात होते, पण ते वर्गात सांगण्याजोगे आहे असे मला तोवर वाटलेच नव्हते.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात कालव्याच्या कामावर होती. डोक्यावर मातीची पाटी, दुपारी सुकडी, आणि पगाराच्या दिवशी हजेरीपटावर अंगठा. तो कालवा आजही आमच्या शिवारातून जातो. आमच्या वस्तीला मात्र वळसा घालून जातो. घरातला पहिला पदवीधर मी. ब्रिंडलीचे नाव मला पाठ होते. आजीच्या कामाला इतिहास म्हणतात हे मला त्या मुलीने शिकवले. त्या प्रश्नाचा माग काढताना जे हाती आले, ते येथे मांडतो.

मे २०२४ मध्ये लंडनला पार्लमेंटसमोर थेम्स नदीत एक मोर्चा निघाला. तो पायी नव्हता, नावांचा होता. कापडी फलक लावलेल्या नावा ओळीने पार्लमेंटवरून गेल्या. मागणी एकच : अंतर्गत जलमार्गांच्या निधीत कपात करू नका. कारण असे. इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे कालवे व नद्या २०१२ पर्यंत एका सरकारी मंडळाकडे होत्या. त्या वर्षी त्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे सोपवण्यात आल्या. जुलै २०२३ मध्ये सरकारने जाहीर केले की २०२७ पासूनच्या दहा वर्षांत ४० कोटी १० लाख पौंड मिळतील. आकडा मोठा दिसतो. पण पहिल्या वर्षी ५ कोटी, आणि पुढे दरवर्षी ५ टक्के कमी, अशी ती मांडणी आहे. महागाई धरली तर ही घट ३० कोटी पौंडांहून अधिक होते, असे ट्रस्टने सांगितले. कपातीला 'अनुदान' म्हणण्याची ही सरकारी भाषा आपल्याला नवी नाही.

ही मागणी केवळ नौकाविहार करणाऱ्यांची चैन आहे, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हेली ब्रिज या गावाच्या डोक्यावरच्या टॉडब्रूक जलाशयाचा सांडवा खचला आणि सुमारे १,५०० माणसांना घरे सोडावी लागली. तो जलाशय कालव्याला पाणी पुरवण्यासाठीच एकोणिसाव्या शतकात बांधलेला होता. जुन्या पाण्याच्या बांधकामांची निगा थांबली की किंमत खालच्या अंगाला राहणारे देतात. मोर्चाची मागणी मला न्याय्य वाटते. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. ज्या 'वारशा'साठी या नावा निघाल्या, तो वारसा कोणाचा?

कालवे खोदणाऱ्यांना इंग्रजीत 'नॅव्ही' म्हणत. कालव्याला 'नॅव्हिगेशन' म्हणत, म्हणून खोदणारा तो 'नॅव्हिगेटर', आणि त्याचेच पुढे 'नॅव्ही' झाले. फावडे, कुदळ आणि ढकलगाडी एवढ्या हत्यारांवर त्यांनी देशभर जलमार्ग खोदले. भांडवलदारांची नावे कागदोपत्री राहिली, अभियंत्यांचे पुतळे झाले, आणि खोदणाऱ्यांच्या वाट्याला एक टोपणनाव आले.

नंतर आले नाव हाकणारे. सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद अशी नाव. तिच्या टोकाला जेमतेम दहा फुटांची खोली. त्या खोलीत चूल, अंथरूण, बाळंतपण आणि मरण. रेल्वे आल्यावर मालाचे भाडे पडले. मजुरी खेपेवर आणि टनावर, थांबून राहिल्याचे पैसे बहुधा नाहीत. तेव्हा अनेक नावाड्यांनी घराचे भाडे वाचवायला काठावरची खोली सोडली आणि बायकामुलांना नावेवर घेतले. बायकोने सुकाणू धरायचे, मुलाने घोडा हाकायचा, मुलीने जलपाशाचे दरवाजे उघडायचे. या श्रमाला वेगळी मजुरी नव्हती. आज पर्यटक ज्या रंगीत नावांवरचे गुलाब आणि किल्ले पाहून हरखतात, त्या चित्रांमागे बिनपगारी कुटुंबाचे हे गणित होते.

नाव एका गावी थांबत नसे, त्यामुळे मुले शाळेत जात नसत. गावकरी त्यांना 'बार्जी' म्हणत, घाणेरडे म्हणत. कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ या सुधारकाने त्यांच्यासाठी मोहीम काढली. तिच्यातून १८७७ आणि १८८४ चे कायदे झाले. नावांची नोंदणी, राहण्याची माणसे किती याची मर्यादा, मुलांचे शिक्षण हे विषय त्यांत आले. स्मिथ स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेले होते. तरीही त्यांनी नावाड्यांचे चित्र दारूडे, अनाचारी असेच रंगवले. उद्धार करताना ज्यांचा उद्धार करायचा त्यांचीच बदनामी करायची, ही सुधारकी आपल्या ओळखीची आहे.

येथे एक सावधगिरी हवी. नावाडी अस्पृश्य नव्हते. हेटाळणी होती, पिढीजात धंदा होता, पण त्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे कोणत्या धर्मग्रंथाने सांगितले नव्हते. शोषण दोन्हीकडे आहे म्हणून वर्ग आणि जात एकच, असे म्हणणे हा आळस आहे. साम्य पाहायचे ते फरक विसरण्यासाठी नव्हे.

या माणसांचाही नावांचा एक मोर्चा होता. तो आजच्या मोर्चाहून जुना, आणि त्याची आठवण कमी. १९२३ च्या ऑगस्टमध्ये फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूक कंपनीने मजुरी कापण्याचे ठरवले. नावाड्यांनी ब्रॉनस्टन येथे, दोन कालवे मिळतात तेथे, मालासकट नावा बांधून ठेवल्या. नव्या ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनने पाठीशी राहून लढा चालवला. तो सुमारे १४ आठवडे टिकला. कपात पूर्ण टळली नाही. पण लिहितावाचता न येणाऱ्यांनी संघटना काय असते हे दाखवून दिले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बाबासाहेब लंडनहून परतले होते. लंडनमध्ये ते १९२१-२२ साली राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे घर रीजंट्स कालव्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

१९४६ साली इनलँड वॉटरवेज असोसिएशन स्थापन झाली. तिचे एक संस्थापक टॉम रोल्ट हे अभियंता आणि लेखक. बर्मिंगहॅमजवळ लिफर्ड लेन येथे स्ट्रॅटफर्ड कालव्यावर इतका खाली पूल बसवला होता की नाव जाणे अशक्य. कायद्याने कालवा सर्वांना खुला होता. रोल्ट यांनी आपण नाव घेऊन येत आहोत असे कळवले आणि मे १९४७ मध्ये रेल्वे कंपनीला जॅक लावून पूल उचलावा लागला. वाचताना मला महाड आठवले. बोले ठराव १९२३ चा. पण चवदार तळ्याचे पाणी आपले झाले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी ओंजळ भरावी लागली. कागदावरचा हक्क वापरल्यावाचून हक्क होत नाही. पण फरकही लक्षात ठेवा. रोल्ट यांच्यासाठी पूल उचलला गेला. महाडला आपल्या माणसांची डोकी फुटली, आणि नंतर तळ्याचे शुद्धीकरण झाले.

त्या संघटनेतही मतभेद झाले. चालत्या धंद्याला आणि नावाड्यांच्या जगण्याला प्राधान्य द्यावे, हा रोल्ट यांचा ओढा. १९५१ मध्ये त्यांना बाहेर पडावे लागले. कालवे वाचले, हे त्या चळवळीचे मोठे काम. नावाड्यांचा धंदा मात्र १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले तेव्हा मोडकळीस आला आणि १९७० पर्यंत जवळजवळ संपला. पाणी राहिले, माणसे गेली.

आणि आज? परवडणारे घर नाही म्हणून नावेवर राहणारे कितीतरी लोक आहेत. एप्रिल २०२४ पासून ज्यांना नाव बांधण्याची कायमची जागा नाही, त्यांच्या परवान्यावर ट्रस्टने जादा आकार लावला. वरची कपात खाली कशी झिरपते, ते पाहा. या लोकांच्या एका संघटनेने आपल्या नावात 'बार्जी' हाच शब्द घेतला आहे. शिवी होती ती पताका केली. हे का केले जाते, ते आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता घरचा हिशेब. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी पाणी आणि वीज यांचे धोरण आखले. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला, त्यामागे त्यांचा विचार होता. त्याच वर्षी कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसाच्या नद्यांसाठी सिंचन, वीज आणि जलवाहतूक एकत्र साधणारी योजना मांडली. आजचा केंद्रीय जल आयोग त्याच परंपरेतला. आमच्या पाठ्यपुस्तकांत बाबासाहेब संविधानापाशी येऊन थांबतात. पाणी पिऊ न दिलेल्या समाजाच्या माणसाने देशाच्या पाण्याची आखणी केली, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

त्या मुलीला मी पुढच्या तासाला आजीची गोष्ट सांगितली. वर्ग थोडा वेळ गप्प होता. मग एकेक हात वर आला. कोणाची आजी पाझर तलावावर होती, कोणाचे आजोबा खडी फोडत होते. त्या वर्षी मी प्रकल्प म्हणून तेच काम दिले : आपल्या तालुक्यातला कालवा कोणी खोदला, नावे लिहून आणा. वाचक शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझी तीच विनंती आहे. १९७२ ची पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. हजेरीपट वाळवी खाते, माणसे जातात. आजी आता नाही. तिचे सांगणे मी कधीच टिपून घेतले नाही. तुमच्याकडे अजून वेळ असेल तर तो दवडू नका.