गोडंबी
* गोडंबी : बिब्ब्याच्या बीमधला गर. तिला काजूच्या पंगतीला बसवणे योग्यच. बिब्बा, काजू, आंबा एकाच कुळातले. बिब्बा सहसा कोणी लावत नाही. जळकोटपासून किनवटपर्यंतच्या रानात तो आपसूक वाढतो. हिवाळ्यात फळे पिकतात. नारिंगी, मांसल भाग खाता येतो. खरा ऐवज त्याच्या टोकाच्या काळ्या बीमध्ये. ही बी वाळवून दगडावर फोडायची. टरफलातला काळा चीक अंगावर उडाला की कातडी भाजते, उतते. म्हणून बाया हाताला राख किंवा तेल चोळून बसतात. तरी बोटे काळी पडतातच. (याच चिकाने परीट कपड्यांवर खुणा करीत.) गोडंबी घातलेल्या डिंकाच्या लाडवाची चव सांगणारे या बोटांबद्दल क्वचितच लिहितात.

ॲमेझॉनच्या जंगलातले ब्राझील नटही मुख्यतः असे रानातूनच येते. पन्नास मीटरपर्यंत वाढणारे झाड. फळ पिकायला वर्षाहून अधिक काळ. ते तोडत नाहीत, पडल्यावर वेचतात आणि कोयत्याने फोडतात. दोन किलोपर्यंतचे हे फळ डोक्यात पडले तर जीव जातो. त्यामुळे वाऱ्यापावसात जाणते लोक झाडाखाली जात नाहीत. — संपा.