मन शांत करण्याची दीडशे वर्षं : माइंडफुलनेस दवाखान्यात कसं आलं?

“डॉक्टर, मन आता अगदी शांत आहे. मग बीपीची गोळी कशाला घ्यायची?”

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ पंचावन्नच्या आसपासचे. मोबाइलवर ध्यानाचे व्हिडिओ पाहून ते रोज पहाटे डोळे मिटून बसू लागले होते. झोप सुधारली, चिडचिड कमी झाली, घरचे खूश झाले. त्याच भरात त्यांनी दोन महिन्यांपूर्वी गोळी परस्पर बंद केली. मी दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं. १७४/१०४! त्यांना मात्र काहीच जाणवत नव्हतं. ना डोकं दुखत होतं, ना चक्कर येत होती.

त्यांना ध्यान करू नका असं मी सांगितलं नाही. उलट करत राहा म्हणालो. पण ध्यानाचं काम काय आणि गोळीचं काम काय, हे समजावताना मला एक जुनी गोष्ट सांगावी लागली. तीच आज तुम्हालाही सांगतो. शांत जगावंसं वाटणाऱ्या पण शहर, नोकरी, संसार सोडता न येणाऱ्या प्रत्येकाच्या ती उपयोगाची आहे.

‘आजकालची धावपळ’ नेमकी कधीची?

“पूर्वी असं नव्हतं हो, आता मोबाइलने वाट लावली,” असं आपण सगळेच म्हणतो. पण ही तक्रार मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

१८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड या डॉक्टरांनी ‘न्यूरॅस्थेनिया’ नावाच्या आजाराचं वर्णन केलं. साध्या भाषेत सांगायचं तर मज्जासंस्थेचा थकवा. लक्षणं कोणती? थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं, अपचन, उगीच वाटणारी काळजी. माझ्या ओपीडीतली यादी याहून फार वेगळी नाही! १८८१ च्या पुस्तकात बिअर्ड यांनी कारणंही दिली : वाफेची यंत्रं, तारयंत्र, वर्तमानपत्रं आणि वेळ पाळायला लावणारी घड्याळं. बायकांचं शिकणं-वाचणंही त्यांनी कारणांत धरलं होतं. त्यावरून त्या काळाच्या समजुती किती खोल रुजल्या होत्या ते कळतं.

म्हणजे आपण जो काळ ‘निवांत’ म्हणून आठवतो, त्या काळच्या माणसांनाही जग फार वेगाने पळतंय असंच वाटत होतं. तेव्हापासून आजपर्यंत वैद्यकशास्त्राने या त्रासावर तीन मोठे उपाय करून पाहिले.

पहिला उपाय : जगापासून दूर ठेवा

फिलाडेल्फियाचे सायलस वेअर मिचेल हे मज्जातंतूंचे नावाजलेले डॉक्टर. त्यांनी ‘विश्रांती उपचार’ लोकप्रिय केला. रुग्णाला, बहुतेक वेळा स्त्रीला, सहा आठवडे ते दोन महिने अंथरुणावर ठेवायचं. भरपूर दूध आणि खाणं, मालिश, विजेचे सौम्य झटके. वाचन बंद, लेखन बंद, घरच्यांच्या भेटी बंद.

काहींना बरं वाटलंही असेल. पण १८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेवर हा उपचार झाला आणि पुढे लेखणीला हात लावू नका असा सल्ला मिळाला. त्या सल्ल्याने वेड लागायची वेळ आली होती, असं त्यांनी नंतर लिहून ठेवलं. त्याच अनुभवातून १८९२ मध्ये त्यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा आली.

यातून शिकण्यासारखं एक आहे. बाहेरचा आवाज बंद केला म्हणून आतला आवाज बंद होत नाही. सुट्टीत गावी किंवा कोकणात गेल्यावरही पहिले दोन दिवस ऑफिसच डोक्यात घोळत राहतं, हा अनुभव तुम्हालाही असेलच.

दुसरा उपाय : गोळीने शांत करा

१९१५ च्या सुमारास वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की धोका दिसला की शरीर ‘लढा किंवा पळा’ या तयारीत जातं. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं, बीपी वर जातं, पचन मंदावतं. १९३६ मध्ये माँट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी सततच्या ताणाचे शरीरावर होणारे परिणाम मांडले. ‘स्ट्रेस’ हा शब्द आज आपल्या घराघरात पोचला, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

अडचण अशी की शरीराला वाघ आणि वरिष्ठांचा ईमेल यांतला फरक फारसा कळत नाही. वाघ निघून जातो, ईमेल येतच राहतात.

मग औषधं आली. १९५५ मध्ये अमेरिकेत ‘मिलटाउन’ ही गोळी बाजारात आली आणि तिच्यावर लोकांच्या उड्या पडल्या. १९६३ मध्ये ‘व्हॅलियम’ म्हणजे डायझेपाम आली. ती मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते, त्यामुळे अर्ध्या-एक तासात बरं वाटतं. आकडी थांबवायला, तीव्र घबराटीत, दारू सोडताना ही औषधं आजही मोलाची आहेत. पण रोज, महिनोन्‌महिने घेतली की सवय लागते आणि तोच परिणाम मिळवायला डोस वाढवावा लागतो. (अशी गोळी तुम्ही बराच काळ घेत असाल तर एकदम बंद करू नका. आकडी येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते.)

तिसरा उपाय : पळू नका, दाबू नका, पाहा

तिसऱ्या उपायाची वाट आपल्या इगतपुरीजवळून गेली आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं.

पाली भाषेत ‘सति’ असा शब्द आहे. आपल्या ‘स्मृती’चंच ते रूप. अर्थ : भान ठेवणं, आत्ता काय चाललंय याची जाण असणं. बुद्धाच्या सतिपट्ठान सुत्तात श्वास, शरीर, संवेदना आणि मन यांच्याकडे असं भान ठेवून पाहण्याची पद्धत सांगितली आहे. १८८१ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स या अभ्यासकांनी ‘सति’साठी इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ हा शब्द वापरला. म्हणजे बिअर्ड यांचं पुस्तक ज्या वर्षी आलं, त्याच वर्षी! आजार आणि उपाय एकाच वर्षी पुस्तकात आले, पण त्यांची गाठ पडायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

ब्रह्मदेशात इंग्रजी राजवटीच्या काळात लेडी सयाडो या भिक्खूंनी ही साधना मठाबाहेर काढून सामान्य गृहस्थांना शिकवायला सुरुवात केली. त्याच परंपरेतले सयाजी ऊ बा खिन हे संन्यासी नव्हते. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. दिवसभर सरकारी हिशोब आणि त्यासोबत साधना शिकवणं, असं त्यांचं आयुष्य होतं.

त्यांच्याकडे १९५५ मध्ये मंडालेत जन्मलेले एक भारतीय वंशाचे उद्योजक आले : सत्यनारायण गोएंका. त्यांना भयंकर अर्धशिशी होती. मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत आणि त्याची सवय लागण्याची भीती होती. परदेशातल्या डॉक्टरांनाही दाखवून झालं होतं. डोकेदुखीवर उपाय हवा म्हणून आलोय असं त्यांनी सांगितलं, तेव्हा ऊ बा खिन यांनी त्यांना शिकवायला नकार दिला. ही साधना मनाच्या शुद्धीसाठी आहे, डोकेदुखीच्या इलाजासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे गोएंकाजी तो हेतू बाजूला ठेवून शिबिराला बसले. अर्धशिशीचा त्रासही गेला, पण तो आनुषंगिक लाभ, असंच ते स्वतः सांगत.

माझ्या रुग्णाला मी हीच गोष्ट सांगितली. ज्यांनी ही साधना आयुष्यभर शिकवली त्या गुरूंनीच तिला औषधाच्या जागी बसवायला नकार दिला होता.

१९६९ मध्ये गोएंकाजी भारतात आले, मुंबईत पहिलं शिबिर घेतलं आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली. त्यांच्याकडे भारतात शिकलेल्या काही अमेरिकन तरुणांनी त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी या गावी ध्यानकेंद्र काढलं. १९७९ मध्ये तिथल्या एका शिबिरात जॉन कबात-झिन बसले होते. ते डॉक्टर नव्हते, रेण्वीय जीवशास्त्राचे अभ्यासक होते. हे सगळं आपण रुग्णालयात का नेऊ नये, असा विचार त्यांच्या मनात तिथेच आला.

रुग्णालयातलं पहिलं पाऊल

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी वर्ग सुरू केला. कोणासाठी? पाठदुखी, मानदुखी, डोकेदुखी अशी जुनाट दुखणी असलेल्या आणि नेहमीच्या उपचारांनी पुरेसा आराम न पडलेल्या रुग्णांसाठी. धर्माचं नाव नाही, मंत्र नाही. श्वासाकडे लक्ष, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत शरीराकडे लक्ष, हलकी योगासनं. आठवड्यातून एकदा वर्ग आणि रोज घरी सराव.

मुख्य म्हणजे कोणालाही जगापासून दूर नेलं नाही. मिचेल यांची रुग्ण खोलीत बंद होती, इथले रुग्ण वर्ग संपला की घरी, कामावर, त्याच गोंगाटात परत जात होते. त्यांचे नेहमीचे उपचार बंद करणं हा या वर्गाचा उद्देशही नव्हता.

हे काम कसं करतं? दुखण्याचे दोन भाग असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष कळ. दुसरा म्हणजे त्या कळीवर मनाने रचलेली गोष्ट : “आता हे कधीच जाणार नाही, माझं कसं होणार?” सरावाने हे दोन भाग वेगळे ओळखता येतात. कळ कदाचित तेवढीच राहते, पण तिच्यामागे धावणारं मन थोडं थांबतं आणि ‘लढा किंवा पळा’चा भोंगा कमी वेळा वाजतो.

१९८२ मध्ये ५१ रुग्णांवरचा पहिला अहवाल आला. बऱ्याच जणांच्या वेदना कमी झाल्या होत्या. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तो पक्का पुरावा नव्हता. भक्कम पुरावा पुढे नैराश्याच्या बाबतीत मिळाला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्याचे तीन किंवा जास्त झटके येऊन गेलेल्या रुग्णांना असा आठ आठवड्यांचा वर्ग दिला. पुन्हा झटका येण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आलं. मात्र ज्यांना दोनच झटके आले होते, त्यांना फायदा दिसला नाही. म्हणजे उपाय खरा आहे, पण सगळ्यांना सारखाच नाही. अगदी औषधासारखाच!

मग तुम्ही काय कराल?

१. रोज दहा मिनिटं, एका ठरलेल्या जागी बसा. श्वास जसा येतो-जातो तसा पाहा. मन भरकटेल. भरकटलं हे लक्षात येणं हाच सराव आहे, ती चूक नव्हे.

२. दिवसातलं एक काम फक्त तेच करा. चहा पिताना चहा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून.

३. बीपी, मधुमेह, थायरॉइड, फिट्स किंवा मानसिक आजाराची गोळी स्वतःहून बंद करू नका. ध्यानाने बीपी थोडं उतरू शकतं, पण किती उतरलं ते यंत्र सांगतं, मनाची शांतता नव्हे.

४. पूर्वी तीव्र मानसिक आजार, भास किंवा मोठा मानसिक आघात झाला असेल तर दीर्घ मौन शिबिराला जाण्याआधी तुमच्या मनोविकारतज्ज्ञांशी बोला आणि शिबिराच्या अर्जात ते लपवू नका. अशा काही जणांना लांब मौनात त्रास वाढू शकतो.

५. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर ध्यानावर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

त्या गृहस्थांची गोळी मी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. महिन्याने आले तेव्हा बीपी १३६/८४ होतं. पहाटेचं बसणं त्यांनी सोडलेलं नाही. म्हणाले, “आता आधी गोळी घेतो डॉक्टर, आणि मग बसतो.”

मी म्हटलं, “हेच चालू ठेवा.”